ती शेवटची चार वाक्यं हीच तुमची केस आहे

पत्र:
ताई, मी चिंचवडला राहते, एका कंपनीत क्वालिटीला आहे, हातात बावीस हजार येतात. मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत. गणपतीला नवरा त्याला बार्शीला गावी घेऊन गेला तो परत आणलाच नाही, दिवाळीपण तिकडेच झाली, आता कळलं की तिकडच्या शाळेत घातलंय. फोन केला की सासूबाई कट करतात. पोलीस म्हणाले बापच घेऊन गेलाय, कोर्टात जा. आणि आता त्यानेच पुण्याच्या फॅमिली कोर्टात डिव्होर्सची केस टाकलीय, समन्स आलंय, पुढच्या महिन्यात तारीख आहे. दोन वकिलांकडे गेले, त्यांची फी मला झेपणारी नाही. एक मैत्रीण म्हणते फॅमिली कोर्टात वकील लागतच नाही, स्वतः उभी राहा. भाऊ म्हणतो कोर्टबिर्ट सोड, चार पोरं घेऊन बार्शीला जाऊ आणि उचलून आणू. वरून सगळे म्हणतात पाच वर्षांच्या वरचं मूल कोर्ट बापालाच देतं. ताई, मी एकटी लढू शकते का? मुलाला थंडीत धाप लागते. इनहेलरचा पंप त्याला स्पेसरची नळी लावून द्यावा लागतो, घाई केली की तो घाबरतो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून दहा आकडे मोजते तेव्हाच तो नीट श्वास घेतो. हे तिकडे कोणाला माहीत नाही.
– एक आई, चिंचवड

उत्तर:
ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इथे थोडक्यात छापलंय पण मूळ पत्र पाच पानी आहे, त्यातली साडेचार पानं नवरा, सासू, नणंद, लग्नातलं सोनं आणि कोण कधी काय बोललं यावर आहेत आणि मुलाबद्दलची ती चार वाक्यं अगदी शेवटी, सहीच्या वर, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी. मला सगळ्यात आधी हेच सांगायचंय की ती चार वाक्यं हीच तुमची केस आहे. बाकीची साडेचार पानं खरी असतील, तुम्ही ते सगळं सोसलंय यात मला शंका नाही, पण ताब्याच्या अर्जात जज बघतात ते मुलाचं भलं कुठे आहे. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा १९५६ चा, त्याच्या कलम १३ मध्ये सरळ लिहिलंय की मुलाचं हित सर्वात वरती. आई वरती नाही, बापपण वरती नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या मुलीच्या ताब्यासाठी मी स्वतः तीन वर्षं कोर्टात उभी राहिलेय, पहिलं दीड वर्ष वकिलाशिवाय. माझा पहिला अर्ज अडतीस पानांचा होता, रात्री जागून लिहिलेला, त्यात नवऱ्याचं सगळं होतं. जजसाहेबांनी पानं उलटली आणि विचारलं, मुलगी शाळेत कशी जाते, सोडायला कोण जातं? अडतीस पानांत ते कुठेच नव्हतं. मी तोंडी सांगितलं, पण तोंडी सांगितलेलं फाइलमध्ये राहत नाही आणि पुढच्या तारखेपर्यंत जजची बदली झाली होती.

आता भावाचं. तुमच्या भावाला हे पत्र वाचायला द्या. बार्शीला जाऊन मुलाला उचलून आणायचं नाही, एक पोरगासुद्धा बरोबर न्यायचा नाही. आज फाइल उघडली तर काय दिसतं, बापाने चालू वर्षात मुलाची शाळा तोडली आणि आईशी बोलू देत नाहीये. तुम्ही उचलून आणलंत तर उद्या त्याच फाइलमध्ये दिसेल की आईने माणसं नेऊन दंगा केला आणि मूल रडत होतं. शिवाय साडेसात वर्षांचं पोर ते दृश्य विसरणार नाही, कुणाचं चूक कुणाचं बरोबर हे त्याला कळणार नाही पण ओढाताण कायम लक्षात राहील.

मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे. फॅमिली कोर्टाचा कायदा १९८४ चा, त्याच्या कलम १३ प्रमाणे वकील लावणं हा तिथे हक्क म्हणून मिळत नाही, समोरचा वकीलसुद्धा कोर्टाची परवानगी घेऊनच उभा असतो. म्हणजे तुम्ही स्वतः उभ्या राहिलात तर काही वेगळं करताय असं अजिबात नाही, कोर्ट मुळात तसंच बनवलंय. कायदा पुराव्याच्या बाबतीतपण सैल ठेवलाय, कलम १४ मुळे कोर्ट वाद सोडवायला उपयोगी वाटेल तो कागद, रिपोर्ट बघू शकतं. आणि तुम्ही मागितलंत तर सुनावणी बंद दाराआड होते, चार लोकांसमोर घरातलं बोलायची गरज नाही.

पण अर्धं चूक आहे कारण तुम्हाला वकील परवडत नाही हा प्रश्नच यायला नको होता. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२, बाईला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, बावीस हजार पगार असो की बावन्न. तुम्हाला दोन वकील भेटले, पोलीस भेटले, तरी हे कोणीच सांगितलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस पुण्याला शिवाजीनगरच्या जिल्हा कोर्टात आहे, आधार कार्ड, समन्सची झेरॉक्स घेऊन जा आणि साधा अर्ज द्या, किंवा आधी १५१०० या नंबरवर फोन करून विचारा. मिळालेला वकील चांगला असेलच असं नाही, फोन उचलत नसेल तर बदलून मागता येतो, बिनधास्त मागा. माझं मत विचाराल तर पहिल्या तारखेला तुम्ही स्वतः उभ्या राहा, अर्जाचा मजकूर तुम्ही लिहा, आणि उलटतपासाच्या वेळी मात्र शेजारी वकील हवाच. स्वतःच्या नवऱ्याला स्वतः प्रश्न विचारायला उभं राहिलं की तिसऱ्या प्रश्नाला भांडण सुरू होतं, मी त्यातून गेलेय.

पाच वर्षांचं जे सगळे सांगतात ते त्याच १९५६ च्या कायद्याच्या कलम ६ मधून आलंय. तिथे म्हटलंय की पाच वर्षांच्या आतलं मूल सहसा आईकडे असावं. लोकांनी त्याचा उलटा अर्थ काढला, की पाचव्या वाढदिवसाला मूल बापाचं होतं. असं कुठेही लिहिलेलं नाही. पाचनंतर काय बदलतं तर तुम्ही आई आहात एवढ्यावर काम भागत नाही, मुलाचं तुमच्याकडे जास्त नीट होतं हे दाखवावं लागतं. आणि ते तुम्ही दाखवू शकता.

आता घाई कशाची आहे ते सांगते. बार्शीला गेलेला प्रत्येक आठवडा समोरच्याच्या बाजूने मोजला जातो, कारण त्यांचा वकील म्हणणारच आहे की मूल आता तिथे रुळलंय, शाळा लागली, मित्र झाले, कशाला हलवता. हे कोर्टात चालतं, चालायलाही हवं, मुलाला सारखं इकडून तिकडे करणं वाईटच. म्हणून डिव्होर्सच्या कैफियतीसाठी, म्हणजे त्याच्या केसला तुमच्या लेखी उत्तरासाठी, थांबू नका, ती लागणारच आहे, समन्स मिळाल्यापासून तीस दिवस धरून चाला, पण तिच्यासोबत किंवा आधीच वेगळा अर्ज द्या, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली, केस चालू असताना मुलाच्या तात्पुरत्या ताब्यासाठी. वेगळी केस करायची गरज नाही, त्याच्याच केसमध्ये तुमचा अर्ज. आणि त्याच अर्जात पर्यायी मागणी लिहाच लिहा: ताब्याचा निर्णय होईपर्यंत दर शनिवार-रविवार भेट, रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, सुट्टी अर्धी अर्धी, शाळेचे आणि डॉक्टरचे कागद आईलाही द्यावेत. फक्त ताबा मागितला आणि तो लटकला तर हातात काहीच राहत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२० ला यशिता साहू केसमध्ये म्हटलंय की मुलाला दोन्ही पालकांचा सहवास मिळाला पाहिजे आणि ज्याच्याकडे मूल नाही त्याला फोनवर, व्हिडिओवर बोलता आलं पाहिजे, अर्जात हे नाव लिहिलंत तरी चालेल. अर्ज मराठीत दिला तरी चालतो, टाईप करून, दोन जादा प्रती, खाली प्रतिज्ञापत्र.

त्या अर्जात काय लिहायचं, तर मुलाचा दिवस. उठतो किती वाजता, उठवतं कोण, डबा काय, व्हॅन कुठे थांबते, व्हॅनवाल्या काकांना पैसे कोणाच्या खात्यातून जातात, तुम्ही कामावर असताना शाळेतून आल्यावर तो कोणाकडे असतो, तुमच्या आईकडे की शेजारी की पाळणाघरात, तुमची शिफ्ट किती ते किती, नाइट असते का. शेवटचं लपवू नका, त्यांचा वकील विचारणारच आहे की बाई नोकरीला जाते, पोराला बघतं कोण, त्याचं उत्तर आधीच तुमच्या अर्जात असलं की तो प्रश्न बोथट होतो. मग आजारपण. ती चार वाक्यं जशीच्या तशी लिहा, दहा आकड्यांसकट, अलंकार लावू नका. आणि त्याला डॉक्टरांचे कागद जोडा, कोणत्या तारखेला दाखवलं, मुलाला आणलं कोणी, पंप कधी सुरू झाला. मग खाली एक साधं वाक्य, की मुलाला नेताना पंप आणि स्पेसर सोबत दिला होता की नाही, आणि थंडीत त्याला तिकडे कोणत्या डॉक्टरकडे दाखवलंय याची माहिती मला दिलेली नाही. यात कोणावर आरोप नाही, पण वाचणाऱ्याला कळतं की या मुलाचा श्वास कोणाला माहीत आहे.

मी माझ्या मुलीवर खूप प्रेम करते असं मी तेव्हा सात ठिकाणी लिहिलं होतं. समोरच्यानेही लिहिलं होतं, तेवढ्याच वेळा. शेवटी कामाला आली ती शाळेची डायरी, निळ्या कव्हरची, दोन वर्षांची, जवळजवळ प्रत्येक पानाखाली पालकांच्या सहीच्या जागी माझी सही, मधेच एका पानावर वरणाचा डाग, आणि एका ठिकाणी बाईंनी लिहिलेलं की आज ती गप्प होती आणि खाली मी लिहिलेलं उत्तर. वकिलांनी ती डायरी जजसमोर ठेवली तेव्हा त्यांनी ती शांतपणे चाळली, पाच एक मिनिटं कोणी काही बोललं नाही. तुमच्याकडे अशा वह्या असतीलच, लसीकरणाचं कार्ड, पालकसभेच्या सह्या, फीच्या पावत्या, काढा सगळं, तारखेप्रमाणे लावा, फाइलला पान नंबर घाला. व्हॉट्सअॅपचे मेसेज लावायचे तर पूर्ण संभाषण लावा, आपल्याला हवं तेवढंच कापून लावलं की विश्वास जातो, आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागतं ते सर्टिफिकेट जोडा, विधी सेवेचा वकील ते करून देईल.

आणि एक काम कोर्टात जायच्या आधीच करा. मुलाच्या चिंचवडच्या शाळेत जा, हेडबाईंना विचारा दाखला काढला का, कोणत्या तारखेला, कोणाच्या अर्जावर, आणि तसं लेखी मागा. पहिल्या सहामाहीपर्यंतचा हजेरीपट आणि प्रगतीपुस्तकाची प्रतही मागा. तुम्ही आई आहात, तुम्हाला नाही म्हणायचं कारण नाही. बार्शीच्या शाळेलाही पोस्टाने पत्र पाठवा, रजिस्टर एडी, की मी आई आहे, मुलाला दमा आहे, हे औषध आहे, त्याची प्रगती मला कळवावी. हे पत्र केससाठी तर आहेच पण त्याहून जास्त यासाठी की उद्या वर्गात धाप लागली तर तिथल्या बाईंना माहीत असावं.

फोनचं. रोज संध्याकाळी एकाच वेळी फोन करा, समजा आठला. उचलला नाही तर एकच मेसेज, बाळाशी बोलायचं होतं, उद्या आठला करते. एवढंच. दुसरा मेसेज नाही, शिव्या नाहीत, मध्यरात्री रडून व्हॉइस नोट नाही. मला माहितीये हे किती कठीण आहे, हात शिवशिवतो, पण हे मेसेज एक दिवस कोणीतरी तिसरं माणूस वाचणार आहे. स्टेटसला काही टाकू नका, नातेवाइकांनाही टाकू देऊ नका.

तारखेच्या दिवशी लवकर पोचा, साडेदहाच्या आत. बोर्डावर आपला नंबर बघा आणि कोर्टहॉलच्या दाराशी बसा, हलू नका. माझ्या एका तारखेला पुकारा झाला तेव्हा मी खाली झेरॉक्सच्या लायनीत होते, वर आले तर गैरहजर लिहून प्रकरण एकतर्फी पुढे गेलेलं, ते रद्द करून घ्यायला दोन महिने गेले, ते दोन महिने मुलगी मला दिसली नाही. झेरॉक्स घरूनच काढून न्या. पुकारा झाला की पुढे जाऊन सांगा, मी स्वतः हजर आहे, ताब्याचा अर्ज द्यायचाय, मुलाला दमा आहे म्हणून लवकर सुनावणी मिळावी. दोन वाक्यं, मग थांबा. अर्जाला निशाणी नंबर, म्हणजे केसच्या फाइलमधला त्याचा क्रमांक, पडतो तो वहीत लिहून घ्या, समोरच्याला से द्यायला तारीख मिळेल ती पण लिहा. से म्हणजे त्यांचं लेखी म्हणणं, पहिल्यांदा ऐकलं की गोंधळायला होतं. घरी आल्यावर ईकोर्ट्सच्या अॅपवर सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे तुमच्या केसचा ओळख क्रमांक, टाकून रोजनामा बघत जा, त्या दिवशी काय नोंद झाली ते कळतं, तुमचा अर्ज दिल्याची नोंद नसेल तर दुसऱ्याच दिवशी जाऊन विचारा.

समुपदेशकांकडे पाठवतील, मुलालाही बोलावतील. याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते म्हणून जरा सविस्तर लिहिते. तीन महिन्यांनी मुलगा समोर येईल आणि कदाचित तुमच्याकडे धावत येणार नाही. आजीच्या मागे लपेल, म्हणेल मला नाही यायचं. माझी मुलगी पहिल्या भेटीत पंधरा मिनिटं भिंतीकडे तोंड करून बसली होती, मी रडायला लागले आणि ती अजूनच आक्रसली. तुम्ही तसं करू नका. त्याला तुला कोणाकडे राहायचंय हे कधीही विचारू नका, बाबा वाईट आहेत म्हणू नका, तिकडे मारतात का म्हणून खोदून विचारू नका. नवीन महागडं खेळणं नेऊ नका. घरातलं काहीतरी न्या, त्याची अर्धवट रंगवलेली चित्रकलेची वही, त्याचा तो जुना पत्त्यांचा कॅट, आणि खाली जमिनीवर बसा, वही उघडा, रंगवायला लागा. तो येईल. पाच मिनिटांनी येईल नाहीतर तिसऱ्या भेटीत येईल. जजसाहेब कदाचित त्याच्याशी चेंबरमध्ये एकटं बोलतील, त्याच्या मनाचा कल बघतात पण साडेसात वर्षांच्या मुलाच्या एका वाक्यावर सगळं ठरत नाही, पढवलेलं बोलणं त्यांना ओळखू येतं. म्हणून तुम्हीही पढवू नका.

मध्यस्थीत समोरून प्रस्ताव येऊ शकतो, की मुलगा बार्शीला राहू दे, तू सुट्टीत ने, डिव्होर्स संमतीने करू, पैसे मागू नकोस. दमलेल्या बाईला त्या दिवशी सगळंच मान्य करावंसं वाटतं. त्या दिवशी सही करू नका, कागद घरी आणा, विधी सेवेच्या वकिलाला दाखवा. कारण संमतीने झालेल्या निकालावर अपील करता येत नाही, फॅमिली कोर्टाच्या कायद्याच्या कलम १९ मध्ये तसं स्पष्ट आहे. लढून विरोधात गेला तर तीस दिवसांत हायकोर्टात जाता येतं, सही करून दिलं तर नाही. करार करायलाच नको असं माझं म्हणणं नाही, चांगला करार तीन वर्षांच्या तारखांपेक्षा मुलासाठी बराच बरा, पण त्यात दर भेटीचा वार, वेळ, जागा, मुलाला सोडायला-आणायला कोण येणार, एसटीचा खर्च कोणाचा, आजारी पडला तर कळवायचं कोणी, हे सगळं लिहिलेलं पाहिजे. ‘सोयीनुसार भेट’ असं लिहिलं की ती भेट होत नाही.

मुलाच्या खर्चाचा अर्जही करता येतो, त्यासाठी दोघांना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टाने २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा केसमध्ये ते ठरवून दिलंय. तुमचा पगार जसाच्या तसा लिहा, एक रुपया लपवू नका. पण हे दुसऱ्या नंबरवर, आधी भेट चालू होऊ दे.

आणि पहिला आदेश मनासारखा आला नाही, फक्त महिन्यातून दोन भेटी मिळाल्या, तरी त्या दोन्हींना जा, वेळेआधी जा, एकही चुकवू नका. ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो, सुप्रीम कोर्टाने १९७३ लाच रोझी जेकबच्या केसमध्ये हे सांगून ठेवलंय. मला पहिल्या वर्षी रविवारचे दोन तास मिळत होते. मग चार झाले, मग मुक्कामी रात्र, मग अर्धी सुट्टी, मग शाळा माझ्याकडून.

आज रात्री ती साडेचार पानं बाजूला ठेवा, फाडू नका, कधीतरी लागतील. कोरा कागद घ्या आणि वरती लिहा, सकाळी सहा पंचेचाळीस. तिथून रात्री तो झोपेपर्यंत लिहीत जा. झालं की मला पाठवा, तारखेच्या आधी मी वाचून देते.